चार बोटांवरचा गोंडा

बेंदराच्या आधीचा आटपाडीचा बाजार. वडिलांनी खिलार जोडीसाठी म्होरक्या घेतल्या, कंडे घेतले, शिंगांच्या शेंब्या घेतल्या आणि शेवटी गोंड्यांच्या दुकानापुढं येऊन उभे राहिले. लाल, पिवळे, हिरवे, जांभळे गोंडे दोरीवर घोसानं टांगले होते. मी आठ वर्षांची असेन. त्यातला एक लाल गोंडा मला माझ्या वेणीसाठी हवा होता. मी खूप रडले, पण वडील बधले नाहीत. घरी आल्यावर आजीनं जवळ ओढलं आणि म्हणाली, "बैलाचा गोंडा बैलाला. तुझा मी करती की!"

उसवायला काढलेला एक जुना स्वेटर घरात पडून होता. आजीनं त्याची लोकर घेतली, डाव्या हाताची चार बोटं जुळवली आणि त्यांवर वेढे द्यायला सुरुवात केली. मी वेढे मोजत होते. साठ झाल्यावर ती थांबली. बोटांच्या वरच्या अंगानं तिनं एक दोरा आत ओवला, घट्ट गाठ मारली, बोटं अलगद काढून घेतली आणि खालच्या टोकाला कात्री चालवली. मग गाठीच्या जरा खाली मानेशी आठ-दहा वेढे आवळले, दोऱ्याचं टोक सुईनं आत दडवलं आणि सगळा गोंडा तळहातावर आपटून मोकळा केला. दिवेलागण व्हायच्या आत तो माझ्या वेणीला लागलाही. लग्नाआधी बैलांचे गोंडे आपण घरीच करत होतो, हे तिनं मला नंतर कधीतरी सांगितलं. फक्त बैलासाठी वेढे चार बोटांवर न घेता हाताच्या पंजावर घ्यायचे, एवढाच फरक.

हे पुस्तक त्या चार बोटांपासून सुरू होतं. केसांसाठी लोकर, दोरा आणि कापड यांतून घरच्या घरी काय काय करता येतं ते यात सांगितलं आहे: वेणीचा गोंडा, कापडी रबर, क्रोशाचं रबर, रिबिनीचा बो, डोक्याचा पट्टा, खणाचं फूल लावलेली पिन, आंबाड्याची जाळी. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गेली काही वर्षं मी बायका-मुलींचे वर्ग घेते आहे. दहिवडीपासून जतपर्यंत आणि कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, आणि तीच सांगायला हे पुस्तक लिहिलं. वर्गाला येणारी बाई पहिल्या दिवशी म्हणते, "मला यातलं काही येत नाही." मग तिच्या हातात लोकर दिली की तिची बोटं चालायला लागतात. तिनं वाकळ शिवलेली असते, शेवया वळलेल्या असतात, वातीला पीळ दिलेला असतो, नातवाचं टोपडं केलेलं असतं. हाताला सगळं ठाऊक असतं. ते केसांकडे कसं वळवायचं एवढंच सांगावं लागतं.

टोपड्याचं उगाच म्हटलं नाही. आपल्याकडे मूल जन्मलं की बाळंतविड्यात टोपडं, कुंची, झबलं, दुपटं, मोजे असं सगळं येतं, आणि माणसाच्या डोक्याला लागणारी पहिली हातशिवणीची वस्तू म्हणजे ती कुंची. खणाची, कडेला लेस लावलेली, मागं पाठीवर रुळणारी. जी आत्या ती कुंची शिवते तिला पुढं त्याच मुलीसाठी केसांचा बो शिवायला काही अवघड नाही. पण मधल्या काळात मुलगी कटलरीच्या दुकानातून पिना आणायला लागते आणि आत्याच्या हाताची गाठ सुटते.

जुन्या मराठी केशभूषेत अलंकार पुष्कळ होते. मूद, राखडी, केवडा, अग्रफूल ही नावं अजून लग्नाच्या याद्यांत सापडतात. ती सोन्याची कामं, ज्यांच्या घरी होती त्यांच्या घरी. शेतावर जाणाऱ्या, दगड फोडणाऱ्या, मेंढरांमागं फिरणाऱ्या बाईच्या केसांत असायचा तो दोरा. काळ्या दोऱ्याचे तीन पदर, वरती एकत्र बांधलेले आणि खाली प्रत्येकाला गोंडा. वेणी घालताना केसांच्या प्रत्येक पेडाबरोबर एक पदर घ्यायचा आणि शेवटपर्यंत गुंफत न्यायचा. त्यानं वेणी भरदार दिसते, लांब दिसते, आणि दिवसभर वाकून काम केलं तरी सुटत नाही. ज्यांचे केस विरळ त्या गंगावन लावत. मला या दोऱ्याच्या गोंड्याचं फार मोल वाटतं, कारण त्यात शोभा आणि काम वेगळी काढता येत नाहीत. तो सुंदर दिसतो तो वेणी धरून ठेवतो म्हणूनच.

धरून ठेवणं हा या पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. केसांची वस्तू करायला बसलेली प्रत्येक नवी मुलगी आधी फुलाचा विचार करते, मण्यांचा करते, रंगाचा करते. मी तिला आधी केसांचा विचार करायला लावते. माणसाचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतची वेणी म्हणजे पाच वर्षांच्या आसपासची वाढ. नुसतं काळं रबर ओल्या केसांना घट्ट लावलं आणि संध्याकाळी ओढून काढलं की त्याच्याबरोबर दोन-चार केस मधूनच तुटून येतात, आणि तेवढ्या लांबीची वर्षं गेली. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. रोज कपाळापासून ताणून बांधलं की कानशिलापाशी केस विरळ होतात. माझी आजी हे शास्त्र शिकली नव्हती, पण वेणी घालताना आईला म्हणायची, "येवढं वढू नगं गं, डोळं वर गेलं पोरीचं."

आता सगळ्या बाजारांत मिळणारं चुणीदार कापडी रबर, ज्याला मुली स्क्रंची म्हणतात, ते अशाच तक्रारीतून निघालं. अमेरिकेतल्या रॉमी रेव्हसन या गायिकेचे केस नाजूक झाले होते. त्या काळी मिळणाऱ्या, धातूचा सांधा असलेल्या रबरांनी ते तुटत. तिनं इलॅस्टिकभोवती कापड घालून पाहिलं आणि १९८७ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. नाव तिनं आपल्या पाळीव कुत्र्याच्या नावावरून ठेवलं. मी ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगते. आपल्याच केसांच्या त्रासातून, आपल्याच हातांनी, शिवणाच्या डब्यातल्या सामानानं काढलेली ती तोड होती.

त्या रबराचं माप इथंच सांगून टाकते, कारण वर्गातला निम्मा गोंधळ मापाचा असतो. कापडाची पट्टी ५० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद. इलॅस्टिक पाव इंची, २० सेंटिमीटर. म्हणजे कापड इलॅस्टिकच्या अडीचपट. दुपटीच्या खाली गेलात तर चुण्या पडत नाहीत, नळी कोरडी दिसते. तिपटीच्या वर गेलात तर रबर जड होतं आणि विरळ केसांवरून घसरतं. पट्टीची सुलट बाजू आत ठेवून लांबीला दुमडायची, धावदोरा न घालता उलटी टीप घालायची, कारण धावदोरा ताण बसला की तटकन तुटतो. मग नळी उलटवायची, सेफ्टी पिनेनं इलॅस्टिक ओवायचं. इथं बायका हमखास इलॅस्टिकला गाठ मारतात. ती गाठ झोपताना डोक्याला टोचते आणि पंधरा दिवसांत सुटते. गाठीऐवजी दोन्ही टोकं एकावर एक सेंटिमीटरभर चढवायची आणि चौकोनात टाके घालायचे. शेवटी कापडाचं एक टोक आत दुमडून दुसऱ्यावर बसवायचं आणि बारीक तुरपाई. मशीनवर सरावलेल्या हाताला वीस मिनिटं पुरतात, हातशिवणीला तासभर.

आणि ही पट्टी अखंडच हवी असं नाही. ब्लाउज बेतून झाला की टेलरच्या मशीनखाली जी कातरणं पडतात, काखेखालचे तिकोनी तुकडे, बाहीच्या कडेचे काप, त्यांतून १८ सेंटिमीटरचे तीन तुकडे निघाले तरी काम होतं. जोडल्यावर तीन शिवणींत सहा सेंटिमीटर जातात आणि ४८ चं वर्तुळ उरतं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळ शिवणाऱ्या बाईला तुकडा कुठं जोडावा हे शिकवायला लागत नाही. जाड कापडाशेजारी विरलेलं घेऊ नये, नाहीतर विरलेलं फाटतं. गडद आणि फिकं एकाआड एक आलं की डोळ्याला बरं दिसतं. जुन्या लुगड्याचा पदर टाकायचा नाही, तो वर घ्यायचा. हे सगळे वाकळेचे नियम केसांच्या रबराला जसेच्या तसे लागू पडतात.

कापडाच्या बाबतीत हे दोन जिल्हे नशीबवान आहेत. विट्यात आणि माधवनगरात यंत्रमाग आहेत, हाकेच्या अंतरावर इचलकरंजी आहे. साधं सुती कापड इथं घराजवळ विणलं जातं. साताऱ्यात खण आळी आहे, सांगलीत कापडपेठ आहे, आणि दक्षिणेकडून गुळेदगुड्डचा खण आणि इरकली लुगडं येतं. खणावर माझा फार जीव आहे. त्याची बारीक नक्षी एवढी दाट असते की बोटभर तुकड्यातही ती पुरी दिसते, आणि केसांची वस्तू बोटभरच असते. पण खणाचे धागे कापल्या कडेला भराभर सुटतात. म्हणून खणाचं फूल करताना पाकळीची कापलेली कड नेहमी दुमडीच्या आत गेली पाहिजे. फुलाच्या धड्यात मी हे तीन वेळा लिहिलं आहे आणि त्याबद्दल मला जराही संकोच नाही.

सुती कापड की मऊ चकचकीत, असंही विचारतात. तेल लावलेले, सरळ, जाड केस असतील तर सुती घ्या, ते केसांना धरतं. केस कोरडे, कुरळे, सहज गुंतणारे असतील तर साटीन किंवा रेशमी अस्तराचं कापड घ्या, त्यात घासणं कमी होतं. आपल्याकडच्या डोक्यांना खोबरेल तेल लागलेलं असतं, तेव्हा काहीही करा, ते साबणाच्या पाण्यात धुता आलं पाहिजे. डिंकानं चिकटवलेली फुलं पहिल्याच धुण्यात निघतात. म्हणून या पुस्तकात चिकटवायचं काम जवळजवळ नाही. टाका घाला.

धुण्यावरून माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मी शाळकरी मुलींसाठी लाल कापडाची रबरं केली. रंग इतका गोड होता की मला दुसरं काही सुचलंच नाही. वर्गातल्या एका मुलीनं ते घालून पावसात सायकल मारली आणि घरी आली तेव्हा तिच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर आणि पाठ गुलाबी झाली होती. त्यांच्या घरात शाळेचा शर्ट एकच होता. तिच्या आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून कुठलंही रंगीत कापड किंवा लोकर हातात आली की मी तिचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात गुंडाळते, वर वरवंटा ठेवते आणि सकाळी उघडून बघते. फडक्यावर डाग दिसला तर ते कापड केसांत जात नाही. ही परीक्षा पुस्तकाच्या पहिल्या धड्यात आहे, गोंड्याच्याही आधी.

आता लोकरीविषयी. माणदेशात लोकर म्हटलं की आधी घोंगडी आठवते. म्हसवड, आटपाडी, जत हा मेंढरांचा मुलूख. दख्खनी मेंढराची लव कातरायची, पिंजायची, चातीवर किंवा चरख्यावर सूत काढायचं, चिंचोक्याची खळ देऊन ताणा कडक करायचा आणि खड्डामागावर घोंगडी विणायची, हे काम सनगरांच्या आणि धनगरांच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या केलं. ही लोकर काळी, खरबरीत आणि दमदार. पाऊस सोसते, थंडी सोसते, जमिनीवर अंथरून वर्षानुवर्षं टिकते. मी हौसेनं तिचा एक पट्टा विणला होता. अर्ध्या तासात कपाळाला खाज सुटली. ज्या गुणानं घोंगडी चांगली होते त्याच गुणानं ती कपाळाला चालत नाही, एवढं मान्य केलं की पुढचा रस्ता सापडतो. त्या काळ्या लोकरीचं छोटं फूल करा, खाली सुती अस्तर लावा आणि ते पिनेवर बसवा, म्हणजे लोकर केसांच्या वर राहते, कातडीला लागत नाही. तिचा तो मातकट काळा रंग कुठल्याही रंगाऱ्याला साधणार नाही, आणि काळ्या केसांत तो वेगळा उठून दिसतो.

दुकानात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. त्यात वाईट काही नाही. स्वस्त असतात, रंग पक्के असतात, धुवायला सोपे. पण आपण काय विकत घेतो ते कळावं. बोटभर धागा चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीला लावा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. ॲक्रिलिक वितळतं आणि काळा टणक मणी उरतो. खरी लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो, कारण मेंढराची लोकर आणि माणसाचा केस दोन्ही केरॅटिन या एकाच पदार्थाचे. वर्गात हा प्रयोग केला की एकदम शांतता होते. जत तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारी वास घेऊन म्हणाली, "म्हंजे मेंढराची बी येणीच म्हणायची." लोकर केसाला का धार्जिणी असते ते मला त्या दिवशी नीट कळलं.

याच प्रयोगातून रिबिनीचं एक जुनं गूढ उलगडतं. शाळेच्या दोन वेण्या दुमडून वर बांधायच्या आणि रिबिनीचं फूल करायचं, ही सवय या भागात घराघरांत गेली ती मुली शाळेत जायला लागल्या तेव्हा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली, आणि पुढं गावोगावच्या शाळांमधून मुलींच्या पिढ्या शिकल्या. त्यांच्या आया रिबिनीचं विसविशीत झालेलं टोक चिमणीच्या ज्योतीवरून पटकन फिरवायच्या आणि ते टोक बंद व्हायचं. नायलॉनचं होतं म्हणून ते वितळायचं. सुती पट्टीवर तेच करायला गेलात तर ती पेटेल. सुती रिबिनीला दुमडून तुरपाईच करावी लागते, नाहीतर कापड उरेब कापावं लागतं. उरेब कापडाचे धागे कडेला सुटत नाहीत आणि बो बांधला की त्याला आपसूक लवचीक झोक येतो.

क्रोशाच्या भागाबद्दल थोडं. सुईच्या नमुन्यांना आता मुली इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखतात, कारण त्या मोबाईलवर बघून शिकतात. मी या पुस्तकात साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब हे शब्द मुद्दाम ठेवले आहेत. आपल्या आया-मावशांनी याच शब्दांत विणलं. ताटावरचे रुमाल, दारावरची तोरणं, टेबलावरचे गोल त्यांनी शेजारणीकडून तोंडी शिकून केले आणि नमुन्यांची पानं मासिकांतून कापून वह्यांत चिकटवली. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं. औंध संस्थानातल्या एका कारखान्याच्या वसाहतीतून मराठी बाईसाठी मासिक निघावं आणि ते घराघरांत वाचलं जावं, याचा मला या भागाची म्हणून अभिमान वाटतो. तेव्हा आपल्याकडे बाईच्या हातच्या कामासाठी आणि तिच्या विचारासाठी मराठी शब्द कमी पडले नाहीत, आताही पडायचं कारण नाही. खांब म्हटलं की उभा टाका डोळ्यांपुढं उभा राहतो. साखळी म्हटलं की कडीत कडी दिसते.

क्रोशाचं सगळ्यात सोपं काम म्हणजे साध्या काळ्या रबरावरच विणणं. साडेतीन मिलिमीटरची सुई, रबराच्या वर्तुळात सुई घालून चाळीस-पंचेचाळीस मुके खांब, रबर पूर्ण झाकेपर्यंत. पुढच्या फेरीत प्रत्येक मुक्या खांबात तीन-तीन खांब. याच फेरीत कड आपोआप लाटेसारखी वळायला लागते. पहिल्यांदा करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटतं ते बघायला मी अजून वर्ग घेते.

डोक्याच्या पट्ट्याचा धडा या पुस्तकात एका बाईमुळे आला. आमच्या भागात केसांत जट झाली की यल्लम्माचं बोलावणं आलं असं मानायचे, काही ठिकाणी अजून मानतात. केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत, चिकट झाले, गुंतले, की जट होते. मग भीतीनं कुणी तिला फणी लावत नाही आणि ती वाढत जाते. मानेला ओझं होतं, वास येतो, झोप लागत नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि तिच्या कार्यकर्त्यांनी अनेक बायकांची समजूत घालून, त्यांच्या घरच्यांची भीती काढून, हलक्या हातानं जटा कापल्या. अशीच जट काढलेली एक बाई आमच्या वर्गाला आली. केस मुलासारखे आखूड, डोक्यावरचा पदर ढळू नये म्हणून तिचा हात सारखा वर. गोंडा तिला लावता येत नव्हता, रबर लावता येत नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "आमच्यासाठी काय न्हाई व्हय?" त्या दिवशी मी घरी जाऊन चार पट्टे कापले. कपाळावर रुंद, मागं निमुळता, मानेशी इलॅस्टिक. निळ्या फुलांचा पट्टा लावून ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि तिचा हात पदराकडे गेला नाही. हा धडा मी तिच्यासाठी लिहिला, आणि ज्यांचे केस कुठल्याही कारणानं आखूड आहेत त्या सगळ्यांसाठी.

लहान बाळांसाठी करताना मात्र हात आखडता घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वस्तूला मणी, बटण, सुटी टिकली काहीही लावू नका. मूल ते ओढून तोंडात घालतं. पट्टा लावला तर त्याखाली आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि झोपवताना तो काढून ठेवायचा. फोटोपुरती हौस ठीक आहे, पण बाळाच्या डोक्यावर वळ उठवणारी वस्तू कितीही गोजिरी असली तरी मी तिला चांगली म्हणणार नाही.

विकण्याबद्दल बायका विचारतात, आणि विचारायलाच हवं. मी त्यांना एकच सांगते: आधी वेळ मोजा. क्रोशाच्या रबराला सुरुवातीला दीड तास लागतो. कारखान्यातून येणाऱ्या डझनाच्या पाकिटाशी किमतीत बरोबरी करायला गेलात तर तुमच्या दीड तासाचं मोल शून्य होईल. एका दुकानदारानं आमच्या वर्गातल्या तिघींकडून माल ठेवून घेतला आणि सहा महिन्यांनी न विकलेला म्हणून धुळीनं माखलेला परत केला, तोवर त्यांनी पुढची लोकर उधारीवर आणली होती. तेव्हापासून आम्ही मागणी घेऊनच विणतो: लग्नातल्या करवल्यांसाठी एका रंगाचे गजरे, बारशासाठी पट्टे, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी गोंडे. माणदेशातल्या बायकांना हिशेब येत नाही असं कुणी म्हटलं की मला म्हसवडच्या बायका आठवतात. चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर त्यांनी महिला बँकेसाठी अर्ज केला तेव्हा लिहिता-वाचता येत नाही म्हणून तो नाकारला गेला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तोंडी व्याज काढणारी बाई आपल्या दीड तासाची किंमतही काढू शकते, फक्त ती मागताना तिनं आवाज खाली आणू नये.

पुस्तकाचा क्रम मी हाताच्या सवयीप्रमाणे लावला आहे. आधी रंगाची परीक्षा, मग गोंडा, मग कापडी रबर. तीन धडे झाले की पुढं कुठूनही वाचा. चित्रं हातानं काढली आहेत. त्यांतली बोटं माझ्या मुलीची आहेत आणि गोंड्याच्या धड्यातली आजीच्या आठवणीवरून काढलेली. सामान म्हणाल तर एक कात्री, दोन सुया, काळा आणि पांढरा दोरा, पाव इंची इलॅस्टिक, साडेतीनची क्रोशाची सुई, आणि घरातला चिंध्यांचा डबा. नवी लोकर आणायच्या आधी कपाटात उसवण्याजोगं काही आहे का ते बघा. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता काठीवर वाळत घाला आणि खाली वजन म्हणून एक लहान तांब्या अडकवा. दुसऱ्या दिवशी ती सरळ झालेली असेल.

पहिला गोंडा बहुतेक एका बाजूला झुकतो. लगेच कात्री लावू नका. कातरत बसलात की तो आखूड होत जातो आणि शेवटी हातात नुसती गाठ उरते. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर त्याला चिमट्यात धरून थोडी वाफ द्या, बोटांनी विंचरा, कागदाच्या पट्टीत घट्ट गुंडाळा आणि रात्रभर उशीखाली ठेवा. सकाळी कागद उलगडला की जे धागे बाहेर आलेले दिसतील तेवढेच कापा.